दुसऱ्या हाताची खूण

दि. ९ नोव्हें., लोहा
मी, माधव नागोराव पवळे, वय वर्षे एकोणऐंशी, राहणार लोहा, जि. नांदेड, शिक्षण इयत्ता चौथी उत्तीर्ण, हवाई दलाच्या अग्निशमन पथकातून सेवानिवृत्त. या वहीत खरे तेच लिहीन.
नात अश्विनी (पुढे फक्त अ.) सुट्टीवर आली आहे. हवाई दलात तिसरे वर्ष, लढाऊ विमानांच्या इंजिनांचे काम. आल्यापासून धड जेवत नाही. आज बोलली.
विमान जमिनीवरच उभे ठेवून इंजिन चालवून पाहत होते. सुरू होतानाच शेपटीच्या नळीत आग दिसली. बाहेर उभे राहून खुणा देण्याचे काम अ.चे. आवाजात बोलणे पोचेना. तिने गळ्यावरून हात फिरवला, आतल्याने सर्व बंद केले. आग आतच धुमसत राहिली. शेवटी आग विझवायचा फेस मारावा लागला. मनुष्यहानी नाही, इंजिन वाया. परत गेल्यावर लेखी जबाब द्यायचा आहे. त्यावरून तिला इंजिनावर ठेवायचे की काढायचे, ते ठरेल.
मी म्हणालो, बंद केलेस हे योग्यच केलेस. ती माझ्याकडे पाहत राहिली.

दि. १०
सकाळपासून अंगणात फेऱ्या. सून शोभा म्हणाली, "मामा, बसा की जरा. फरशी झिजायली."
दुपारी अ. भिंतीवरच्या माझ्या प्रशस्तिपत्रासमोर उभी; नोकरीत असताना अशाच एका इंजिनाच्या आगीबद्दल मिळालेले. विचारले, "आबा, त्या दिवशी तुमचं इंजिन पूर्ण बंद केलं होतं, का फिरतं ठेवलं होतं?"
"बंद," मी लगेच म्हणालो.
"नक्की?"
"मी तिथे उभा होतो."
उभा होतो, हे खरे आहे.

दि. ११
बेचैनी. वर्तमानपत्र दोनदा वाचले, ध्यानात काही नाही.
अ. पाच वर्षांची असल्यापासून मी तो प्रसंग शेतातल्या विहिरीवरच्या इंजिनापाशी करून दाखवीत असे. डाव्या हातात दुधाची किटली, म्हणजे आग विझवायची बाटली. उजवा हात गळ्यावरून. आग दिसली की? ती ओरडे, बंद! मग मी किटलीने आग विझवीत असे. पाहुण्यांपुढेही तिच्याकडून म्हणवून घेतले आहे.
सय्यदला विचारले पाहिजे. त्या दिवशी विमानात तोच बसला होता.

दि. १२, लातूर
एस.टी.ने अहमदपूरमार्गे. सय्यद तेव्हा इंजिन फिटर, आता गोलाईच्या बाजाराजवळ शिलाई मशीन दुरुस्तीचे दुकान. चहा मागवला, माझे सर्व ऐकले आणि हसू लागला.
"तू आग विझवलास? कवा रे, पवळे?"
मी चहा बशीत ओतला.
त्याने हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. एक हात गळ्यावरून नेला, दुसऱ्या हाताचे बोट वर करून गोल फिरवले. इंधन बंद, पण इंजिन फिरते ठेव. आतली हवाच आग बाहेर फेकते. बाहेरच्या माणसाने दोन्ही हातांनी खूण दिली, म्हणून सय्यदने फिरते ठेवले. आग विझली. मी शेपटीपाशी बाटली धरून उभा होतो. फेस मारला नाही.
"मारला असतास तर इंजिन गेलं असतं. सगळे पळाले, तू हाललाच न्हाईस. त्याचंच तर कागद दिलं तुला, येड्या."
हे मला ठाऊक होते. प्रशस्तिपत्रावर 'प्रसंगावधान' एवढाच शब्द आहे. नुसते उभे राहिल्याचे घरी काय सांगावे, म्हणून आग विझवल्याचे सांगू लागलो. किटलीमुळे डावा हात अडकलेला. दुसरी खूण घरात कोणी कधी पाहिलीच नाही.

दि. १३
आज अ.ला सांगायचे ठरवले होते. तेवढ्यात शेजारचे देशमुख गुरुजी आले. म्हणाले, "आजोबांचा तो किस्सा होऊन जाऊ द्या, नातीला हिंमत येईल." मी सांगितला. जुनाच. एका हाताने.
अ. मधेच उठून आत गेली.
लाज वाटली, असे लिहून ठेवतो.

दि. १४
न्याहारीनंतर सांगितले. किटली घेतली नाही. दोन्ही हातांनी करून दाखवले.
तिने माझा दुसरा हात नीट पाहिला. मग म्हणाली, "पुस्तकात दोन्ही हात होते, आबा. परीक्षेत बरोबर लिहिलं मी. त्या घाईत हात घरचा आला."
मी म्हणालो, दोष माझा आहे, तसे लेखी देतो. सही-अंगठ्यासह.
"नका देऊ. खूण मी दिली. तुमच्या कागदामागं लपले तर मला इंजिनापाशी कोण उभं करील?"
शोभा भाकरी थापता थापता म्हणाली, "एकाला नातीची चूक झाकायचीय, एकीला ती उघडी करायचीय. आन् दोघं बी हट्टी."
तरी माझा जबाब लिहून काढला. तीन वेळा. पहिल्या दोन्ही वेळा 'मी आग विझवली' असेच हाताखाली आले.

दि. १५, नांदेड
अ.ची गाडी सकाळची. शोभा बरोबर होती, सय्यद लातूरहून मुद्दाम आला. फलाटावर बाकावर बसून माझ्या जबाबाखाली मी सही केली, त्या दोघांनी साक्षीदार म्हणून. अ.ने कागद न वाचता चार घड्या घालून पिशवीत टाकला. देईन म्हणाली नाही, देणार नाही असेही म्हणाली नाही.
गाडी हलली. दारात उभी राहून तिने हात वर केला. दुसऱ्या हातात पिशवी होती.
घरी येऊन प्रशस्तिपत्र खाली काढले, पुसले, पुन्हा लावले. पुन्हा काढले. सध्या खाटेवर आहे. अ.चा फोन अजून नाही.

वर सांगितलेला जबाब फलाटावर दिला त्या वेळी समक्ष हजर: सय्यद करीम, राहणार लातूर, सही उर्दूत. सौ. शोभा पवळे, सून, सही मराठीत. नात अश्विनी हजर होती. तिची सही मी मागितली नाही.