माझा 'व्हय' चोरलास

मांद्रे
१२ जानेवारी २०२५

ती. सौ. संजनाताईस,
साईशचा सा. न. वि. वि.

फोनवर 'आडवाट' बँडचं नाव निघालं की आपण भांडतो आणि तू फोन ठेवतेस. म्हणून लिहितोय, पत्र तरी पुरतं वाचशील.

हरमलला गिटारची तार तुटली आणि त्यांच्या सगुणने नुसतं मातीचं घुमट वाजवून गाणं पेललं, त्याच्यापुढे काही नाही, असं तू मला हजारदा ऐकवलंयस. आता माझं ऐक. काल ते आमच्या किनाऱ्यावर वाजवत होते. नेहमीसारखंच, आधी काही ठरलेलं नाही, एकच चाल तासभर वाढत गेलेली. मध्येच सगुण थांबला. सगळं चिडीचूप. आदल्याच आठवड्यात गावी इब्रामपूरला देवळात बाबांनी देवाला घातलेलं गाऱ्हाणं ऐकून, ओळीओळीला सगळ्यांबरोबर होकार देऊन आलो होतो, त्या सवयीने माझ्या तोंडून मोठ्याने निघून गेलं, "व्हय म्हाराजा!"

लोक हसले. पण सगुणने तेच दोन शब्द घुमटावर उचलले, मागून ड्रम आला, आणि अख्खा किनारा 'व्हय म्हाराजा' म्हणत नाचला. अंधारात कोण बोललं ते कुणालाच कळलं नाही. सांग आता, कुणाची रात्र भारी?

दाजींना नमस्कार. राग आला तरी लोभ कमी करू नकोस.

तुझा भाऊ,
साईश


डिचोली
१९ जानेवारी २०२५

चि. साईश यास अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून माझा नुसता जळफळाट झाला, खोटं कशाला बोलू? हा बँड तुला दाखवला कुणी? पहिल्या खेपेला झोप येते म्हणून रडत होतास, मी ओढत नेलं तुला.

आणि गाऱ्हाणं! ते बाबांच्या तोंडून ऐकून पाठ केलं मी. तू खांबामागे चणे खात बसायचास आणि सगळे म्हणाले की 'व्हय' म्हणायचास, तेवढंच तुला येतं. मला शब्दन् शब्द येऊन काय उपयोग? बाईमाणसाने गाऱ्हाणं घालायचं नाही म्हणून एकदाही पुढे उभं केलं नाही. आणि तू चुकून दोन शब्द बोललास तर किनारा नाचतो. हा कुठला न्याय रे?

येत्या शनिवारी 'आडवाट'वाले मयेला तळ्याकाठी येताहेत. हे मला घेऊन जाणार आहेत. तुला गेस्टहाऊसमधून सुटी नाही म्हणे. वाईट वाटलं असं मी मुळीच लिहिणार नाही.

वेळेवर जेव. जळत असले तरी तुझीच,
ताई


डिचोली
२६ जानेवारी २०२५

चि. साईश यास आशीर्वाद.

रागावशील, तरी सांगते. काल सगुण मध्येच थांबला आणि लोक शाळेतल्या पोरांसारखे एका सुरात 'व्हय म्हाराजा' ओरडले. काही रंगलं नाही. मला बरं वाटलं, अगदी मनापासून.

मग सगुणने माईकवर विचारलं, मांद्र्याला पहिल्यांदा बोललं ते माणूस आज आलंय का? साईश, माझा हात वर गेला. मी म्हटलं, मीच ती. हे माझ्याकडे बघतच राहिले. सगुणने वर बोलावून माईक हातात दिला. नुसतं 'व्हय' म्हणून खाली यायचं होतं. पण तोंडून निघालं, "बा देवा म्हाराजा, जी पोर जल्मभर पाठल्या दारात बसून आयकत रवली, तिका आज माईक गावलो." खालून लोक म्हणाले, "व्हय म्हाराजा." मग मी थांबलेच नाही. बाबांच्या सुरात घालत गेले, सगुण घुमटावर मागून येत राहिला.

टाळ्या तुझ्या होत्या, मी घेतल्या. परत देणार नाही.

तुझी लबाड
ताई


मांद्रे
२ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. ताईस सा. न.

माझा 'व्हय' चोरलास म्हणून आधी डोकंच फिरलं. लगेच बाबांना फोन करून तुझी चहाडी केली. त्यांनी एवढंच विचारलं, कुठे अडखळली का ती?

मी म्हटलं, मला काय माहीत, मी कुठे होतो तिथे. आणि बोलता बोलता कळलं मला काय सलतंय ते. 'व्हय' गेला तर गेला. पण जन्मात पहिल्यांदा तू गाऱ्हाणं घातलंस, आणि त्याला 'व्हय' म्हणायला सगळे परके लोक होते.

तुझ्यावर रुसलेला, तरी तुझाच,
साईश