वरचं बटण

३ जानेवारी
आजपासून कोल्ड स्टोरेजचा सेफ्टी इन्चार्ज मी! दारावर स्वहस्ते कागद चिकटवला. थंडी बाधल्याची किंवा शुगर उतरल्याची धोक्याची लक्षणं: घाम, थरथर, जड जीभ, चिडचिड, उगाच हसू. थरथर आपोआप थांबली तर जास्तच धोका. नियम: बाहेर येणाऱ्या प्रत्येकाने हातमोजे काढून माझ्यासमोर शर्टाचं वरचं बटण लावून दाखवायचं, बोटं नि डोकं ताळ्यावर आहेत का ते कळतं. मी स्वतः इन्सुलिनवर, म्हणजे विषयातला जाणकार.
फोर्कलिफ्टवाल्या ताईंनी विचारलं, तुमचं बटण कोण बघणार? हसलो. इन्चार्जचं कोण बघतं?

५ जानेवारी
आधीचा स्टोअरकीपर आठवला. गेल्या वर्षी आतच गेला बिचारा. झोकांड्या खात होता, बरळत होता. मी म्हणालो, उतरेपर्यंत आतच बस, आणि दार ओढून घेतलं. चौकशीत कुणी विचारलं नाही, मीही बोललो नाही. त्याची बायको रडून सांगत होती, ते थेंबही घेत नव्हते, त्यांना शुगर होती. बायको ती, असंच म्हणणार. विषय संपला.

८ जानेवारी
सकाळी इन्सुलिन घेतलं, नाश्त्याचा डबा खायचा राहिला. उणे वीसमध्ये दरदरून घाम. नवं जाकीट फारच उत्तम प्रतीचं आहे. हिने खिशात लिमलेटच्या गोळ्या कोंबल्या होत्या, त्या हमालांना वाटून टाकल्या. साहेबाने गोळ्या चघळणं शोभत नाही.

१० जानेवारी
मागच्या रॅकपाशी खोक्यावर स्टोअरकीपर बसलेला दिसला. वाफेचा खेळ. संकल्प: चष्म्याचा नंबर तपासणे.

१२ जानेवारी, स. ११.४०
आजही इन्सुलिन घेतलं, डबा तसाच राहिला. खोक्यावर पुन्हा तोच स्टोअरकीपर. मान खाली, बटणाशी झटापट. ओरडलो त्याच्यावर. माझे हात थरथरतायत. चहा जास्त होतोय. आजपासून चहा बंद.

दु. १२.१५
थरथर थांबली. चहा सोडल्याचा गुण! आतच बसून लिहितोय. थंडी अजिबात नाही. तो जरा सरकला, खोक्यावर जागा दिली. भला माणूस.

१४ जानेवारी
घरी. हाताला सलाईनच्या सुईची पट्टी.
ताई सांगून गेल्या. मी खोक्यावर एकटाच हसत होतो म्हणे. बटण लावा म्हटल्यावर त्यांना शिव्या घातल्या. दारात जमलेले सगळे म्हणाले, साहेब पिऊन आलेत, उतरेपर्यंत बसू द्या. एकट्या ताईंनी तो कागद नीट वाचला होता. त्यांनी तोंडात साखरेचं पाणी घातलं, घोंगडीत गुंडाळून ओढत बाहेर काढलं.
पिऊन? मी? आयुष्यात थेंब घेतला नाही!
तोही घेत नव्हता.

१५ जानेवारी
त्याच्या बायकोकडे जाऊन सगळं सांगायचं ठरवलं. सकाळीच शर्ट चढवला. शुगर व्यवस्थित, खोली उबदार, पोटभर जेवलोय.
दुपार झाली. वरचं बटण अजून लागत नाही.