चव्वेचाळीस वर्षांनी नापास होण्याबाबत

दिनांक : ९ ऑक्टोबर २००६

प्रति,
मा. परीक्षा नियंत्रक,
दक्षिणतीर अभियांत्रिकी महाविद्यालय,
शनिवार पेठ, पुणे.

विषय : एप्रिल १९६२ च्या अंतिम वर्ष प्रबंध-प्रकल्पात अर्जदारास नापास करण्याबाबत (स्मरणपत्र).

संदर्भ : १) अर्जदाराचा दि. ४ सप्टेंबरचा अर्ज. २) आपल्या कार्यालयाचे दि. २८ सप्टेंबरचे पत्र, जे भलत्याच व्यक्तीस मिळाले.

महोदय,

अर्जदार सरोजिनी गोवंडे, वय ६७, सरकारी बांधकाम खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी 'माझा प्रबंध : मागे वळून पाहताना' असा दोन पानी लेख आपण तिच्याकडून मागवला होता, सोबत हसरे छायाचित्रही. अर्जदाराने मागे वळून पाहिले. लेख झाला नाही, अर्ज झाला.

१. स्थापत्य अभियांत्रिकीच्या वर्गात मुली दोनच होत्या : अर्जदार आणि वारज्याच्या शेतकरी घरातील सुशीला गव्हाणे. प्रकल्प दोघींचा मिळून, विषय गुलटेकडीच्या माळावर घाऊक बाजाराची शेड. तेव्हा तिथे बाजार नव्हता, मेंढ्या चरत. सुशीला सायकलने येई, डब्यात दोघींपुरती भाकरी आणि ठेचा आणी. बोटांवरची शाई दोघी लिंबाच्या एकाच फोडीने काढत. अर्जदाराच्या घरी मात्र ती ओसरीवरच बसे. आत यायला तिला कोणी अडवले नव्हते. कोणी बोलावलेही नव्हते.

२. आराखडे सोळा होते. प्रत्येकाच्या कोपऱ्यात काढणाऱ्याची इंग्रजी आद्याक्षरे घालायची असत. दोघींची एकच : एस. जी. याची तेव्हा मोठी गंमत वाटे.

३. जिन्याच्या नकाशात बाण चढण्याच्या दिशेने काढतात. छपराच्या नकाशात पाणी उतरते त्या दिशेने. सातव्या आराखड्यात छपराचा बाण जिन्यासारखा काढला गेला, म्हणजे पावसाचे सारे पाणी पन्हळीकडे न जाता आढ्याकडे चढू लागले. परीक्षकांनी कागद उचलून विचारले, "यातली एस. जी. कोण?" बाण अर्जदाराने काढला होता. अर्जदार म्हणाली, "सुशीला."

सुशीला सातव्या वर्षापासून शेतात दारे धरत होती. एका सरीतले पाणी दुसऱ्या सरीत वळवणाऱ्या मुलीला पाणी कुठे जाते हे कागदावर शिकावे लागत नाही. परीक्षक म्हणाले, "शेतकऱ्याच्या घरातल्या ना तुम्ही? आणि पाणी डोंगरावर चढवताय?" सगळे हसले. अर्जदारही हसली. हा तपशील पुढे लागणार असल्याने नोंदवला आहे.

४. अर्जदार पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाली, सुशीला नापास. ऑक्टोबरात तिला पुन्हा बसता आले असते, परंतु ज्येष्ठातच वारज्यात तिचे लग्न लावून दिले. बरे झाले, पास झाली असती तर नवरा शोधणे जड गेले असते, असे तिचे वडील मांडवात सांगत होते. अर्जदाराने आहेर म्हणून कंपासपेटी दिली. त्या वेळी ते फार हृद्य वाटले होते.

५. गेल्या ऑगस्टमध्ये, सुशीलाबाईंची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाल्याचे कळल्यावर, अर्जदार वारज्याला गेली. जिथे शेत होते तिथे आता इमारत आहे, आणि सुशीलाबाई तिच्या सातव्या मजल्यावर असतात. संगणक कंपनीत काम करणाऱ्या त्यांच्या नातीने, उत्कर्षाने, दार उघडले. अर्जदाराने दारातच उभे राहून सर्व सांगितले. आतल्या पलंगावरून सुशीलाबाई म्हणाल्या, "मला त्याच दिवशी कळलं होतं, सरू. तू हसलीस ना, तेव्हा."

अर्जदाराने माफी मागितली. त्या म्हणाल्या, "माफी ठेव तुझ्यापाशी. पास झालेल्या बाईशी माझं काय बोलणं? नापास होऊन ये, मग चहा टाकायला सांगते."

उत्कर्षाने दार लावले. आपटले नाही, हळूच लावले.

६. म्हणून अर्जदाराने पहिला अर्ज केला. खिडकीवरील आपले लिपिक श्री. बद्रीनाथ यांनी तो वाचून सांगितले की पुनर्तपासणीची मुदत पंधरा दिवस असते, आजींना थोडा उशीर झाला आहे. शिवाय जुने निकाल आता संगणकात चढवले असून पास झालेल्याला नापास करणे संगणक घेत नाही. एवढीच हौस असेल तर पुन्हा प्रवेश घ्या आणि रीतसर नापास व्हा, वयाची अट नाही, असेही ते म्हणाले. अर्जदाराची त्यांच्याविषयी तक्रार नाही. ते विनोदी आहेत, आणि अर्जदार स्वतः विनोदावर हसलेली आहे.

७. निर्णयाची एक प्रत सुशीलाबाईंच्या वारज्याच्या पत्त्यावर पाठवावी, अशी त्या अर्जात विनंती होती. आपल्या कार्यालयाने संगणकात १९६२, प्रबंध, एस. जी., नापास असे शोधले. संगणकाला ते लगेच सापडले. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सुशीलाबाईंना पत्र पोहोचले की, "आपण सदर परीक्षेत नापास असल्याचे याद्वारे कायम करण्यात येत आहे."

ते पत्र उत्कर्षाने अर्जदाराच्या घरी आणून दिले. तिने चपला काढल्या नाहीत. पत्राच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने, अजूनही आराखड्यावर घालावीत तशा सरळ अक्षरांत, एक ओळ आहे :

"सरू, या वेळीही माझंच नाव सांगितलंस?"

८. तरी विनंती की अर्जदारास नापास करावे व तशी नोंद पूर्ण नावाने घ्यावी. आद्याक्षरे वापरू नयेत. पदवी जाईल, अर्जदाराने नोकरीत बांधलेल्या इमारतींबद्दल शंका निघतील, याची तिला कल्पना आहे. त्या इमारती गळत नाहीत. त्यांच्या छपरांवरचे बाण ती नेहमी दुसऱ्याकडून काढून घेत असे.

डॉक्टरांनी सुशीलाबाईंना आठ दिवस सांगितले आहेत. आपल्या कार्यालयाला उत्तरासाठी किमान पंधरा दिवस लागतात. ही तफावत कृपया लक्षात घ्यावी.

आपली नम्र व अद्याप उत्तीर्ण,

सरोजिनी गोवंडे

सोबत :
१) मूळ गुणपत्रिका. परत नको.
२) आराखडा क्र. ७ ची प्रत. बाण होता तसाच आहे.
३) आपले दि. २८ सप्टेंबरचे पत्र. मागील बाजू वाचावी.
४) रिकामे पाकीट. त्यावर पत्ता घातलेला नाही. निकाल घेऊन अर्जदार स्वतः वारज्याला जाईल.