वाचणाऱ्या बाईच्या हातातला कागद

प्रिय योस्ट,

मिडलबर्गच्या गोदीत अजून जहाजंच बांधतोस ना? इथे अँटवर्पात आमच्या चित्रशाळेत अजून त्याच बाया जन्माला येतायत. कुणी ल्यूट वाजवते, कुणी लिहिते, कुणी वाचते. चेहरा सगळ्यांचा एकच, झुकलेल्या पापण्या नि इवलीशी जिवणी. चेहरे नि हातातले कागद मी काढते, बाह्या दुसरं कुणी रंगवतं, सही कुणाचीच नाही.

मागच्या हिवाळ्यात एक पोर्तुगीज मिरीवाला चित्र बघायला आला. वाचणाऱ्या बाईच्या कागदाला नाक लावून म्हणाला, ‘‘ही काय वाचतेय? मुंग्या?’’ सगळे हसले. मीही हसले, पण कान तापले. सहा वर्षं मी त्या कागदांवर नुसत्या काळ्या रेघोट्या ओढत होते. ती बिचारी काय वाचत असेल, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. आता मात्र तो डोक्यातून जाईना. शेवटी समोरच्या छापखान्याच्या लाइस्बेतबाईंना गाठलं. रोज दुपारी त्या छपाईत बाद झालेली पानं माझ्या पुढ्यात टाकायच्या. ‘‘हा पोटफुग्या, हा लंगडा, आणि हा तुझ्यासारखा ताठ,’’ असं करत करत त्यांनी मला सगळी अक्षरं शिकवली.

वाचता आल्यावर मी आधी तुझी जुनी पत्रं काढली. ती आमच्या मालकीणबाई, कातलेनबाई, मला वाचून दाखवायच्या. उत्तरंही त्याच लिहायच्या. तीन पत्रांत एक ओळ अशी सापडली, जी मी कधी ऐकलीच नव्हती. माझंच काही चुकत असेल, म्हणून एक पत्र पुन्हा त्यांच्या हातात दिलं आणि मागे उभी राहिले. त्यांचं बोट नेमकं त्या ओळीवरून उडी मारून गेलं.

‘‘मधे काय लिहिलंय, बाई?’’

‘‘काही नाही गं, असंच गोदीतलं.’’

मग मीच मोठ्यानं वाचलं. त्यांनी पत्राची घडी घातली. ‘‘तू गेलीस तर चेहरे कोण काढणार, डिग्ना?’’ एवढंच म्हणाल्या. मला तेव्हा राग आलाच नाही. दुसऱ्या दिवशी आला, तो अजून गेलेला नाही.

योस्ट, ‘माझ्याशी लग्न करशील का?’ असं तू तीनदा विचारलंस, आणि तुला उत्तरात हेरिंग मासळीच्या हंगामाची खबर मिळाली. तुझ्या शेवटच्या पत्राला दीड वर्ष झालं. एवढ्यात घरात दुसरी कुणी आली असेल तर तसं लिही, मी तेही वाचीन. आली नसेल तर माझं उत्तर ‘हो’ आहे. स्वतःच्या हातानं लिहिलेलं हे माझं पहिलंच पत्र. उत्तर लाइस्बेतबाईंच्या छापखान्यात पाठव.

तुझीच, अजून चालत असेल तर,
डिग्ना