एकाचा सात

प्रिय ठकू,

जुनं पिस्तूल की नवं, आत्या, तूच काय ते सांग, शुक्रवारी नेमबाजीची निवड चाचणी आहे, असा हुकूम सोडून तू मोकळी झालीस. शिबिरात शिरताना तुमचे फोन काढून घेतात, ते एका परीनं बरंच. फोनवर मी नेहमीसारखी बडबड केली असती आणि मुद्द्याचं तेवढं राहिलं असतं. तेव्हा आधीच सांगते, नवं घे. त्याची मूठ तुझ्या तळव्याच्या मापानं घासून तयार केलीय, उद्या तुझे प्रशिक्षक सर तिकडे येताहेत, त्यांच्याच हाती पत्रासोबत पाठवतेय. आणि हे वाचून होईपर्यंत जुन्याची पेटी उघडू नकोस.

तुला हसू आलं असेल. नव्याला खेळणं म्हणून नाक मुरडणारी मीच की! तू बारा वर्षांची असताना रेंजच्या मागच्या माझ्या दुरुस्तीच्या खोलीत आलीस, खण उघडलास आणि म्हातारीला दोन्ही हातांनी उचललंस. त्या जुन्या पिस्तुलाला म्हातारी हे नावही तूच ठेवलंस. डोळे अधू होईपर्यंत मी तिलाच हातात धरून नेम साधला होता. तिची मूठ तुझ्यासाठी तासताना माझ्या बोटांचे खळगे एकेक करून गेले, तेव्हा वाईट वाटलं आणि बरंही वाटलं. खरं सांगू? नव्याचा ट्रिगर हलका आहे, छर्रा सुटताना हात उडत नाही, किती हवा उरली ते दाखवणारा काटा आहे. त्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. मी जळत होते. तू जिंकायचीस ते माझ्या पिस्तुलानं जिंकावंस, एवढाच माझा हट्ट होता.

इकडची बातमी अशी की माझ्या खोलीतल्या कपाटाला आता दार नाही. सोमवारी रेंजवर हौसेनं येणाऱ्या डॉक्टरबाईंच्या पिस्तुलाचा, छर्रा उडवणाऱ्या दाबलेल्या हवेचा सिलिंडर भरायला लावला होता. त्यांचं पिस्तूल म्हातारीच्याच जातीचं, सिलिंडरही त्याच वर्षीचा. मुदत कधीच संपली होती, पण बाई स्पर्धेत उतरत नाहीत, मग एवढं काय होतंय, असं म्हणून मी भरायला घेतला. भरताना आतून टक् असा बारीक आवाज आला. तेवढ्यात कारकुनानं सहीसाठी हाक मारली म्हणून मी दारापर्यंत गेले आणि मागे स्फोट झाला. सिलिंडरचं टोपण कपाटाचं काचेचं दार फोडून भिंतीत रुतलं. मी स्टुलावर बसते तेव्हा माझी छाती असते, बरोबर त्या उंचीला. डावा कान अजून वाजतोय. आत्याबाई वाचल्या म्हणून सगळ्यांनी कौतुक केलं, आणि मी खाली मान घालून काचा गोळा करत राहिले.

दुसऱ्या दिवशी तुझं पत्र आलं. त्यात तू गमतीनं लिहिलंयस की हल्ली हवा भरताना म्हातारी खाकरते, टक् करते. रोज सकाळी तू तिला मांडीवर घेऊन भरतेस, हेही लिहिलंयस. ती ओळ मी तीनदा वाचली.

आता जे सांगायला तीन दिवस धीर झाला नाही, ते सांगते. सिलिंडरवर बनवल्याचं वर्ष ठोकलेलं असतं. दहा वर्षं झाली की तो बाद, म्हणून तर स्पर्धेतले तपासनीस ते भिंगातून बघतात. म्हातारीचे सिलिंडर आता कुणी बनवत नाही. तीन वर्षांपूर्वी तुझ्या पहिल्या मोठ्या स्पर्धेच्या तोंडावर तिची मुदत संपली. वर्षाचा शेवटचा आकडा होता इंग्रजी एक. मी छिन्नीनं त्याच्या डोक्यावर बारीक आडवी रेघ मारली. एकाचा सात झाला, सहा वर्षं वाढली. तू शेजारीच उभी होतीस, मी म्हटलं पॉलिश करतेय. तू विश्वास ठेवलास. परवा तुमच्या शिबिराच्या कार्यालयात दोनदा फोन केला, काय निरोप देऊ असं त्यांनी विचारलं, आणि मला लाज वाटली म्हणून मी सांगितलं, वेळेवर जेवायला सांगा. दोन्ही वेळा, ठकू. हे पत्र तपासनीसांना दाखव. माझी नोकरी जाईल, तुझी जुनी पदकंही कदाचित काढून घेतील, तू माझं तोंड बघणार नाहीस. चालेल. पण आत्ता लिहिता लिहिता ध्यानात आलं की सर उद्या सकाळी नऊला पोचणार आणि तू सहालाच हवा भरतेस. तुमचं कार्यालय संध्याकाळी सहाला बंद होतं. माझ्या घड्याळात सहाला पाच कमी आहेत. पत्र इथेच थांबवते आणि फोन लावते. या वेळी जेवणाचं सांगणार नाही.

तुझीच, जशी आहे तशी,
आत्या