गाडीवरची गोधडी

अंधेरी, रविवार, २७ मे १९५६

सकाळपासून हे गॅरेजमध्ये. त्यांची ती दोन सीटची लाल स्पोर्ट्स कार पावसाळ्यापुरती झाकून ठेवायची होती. टाकीतलं पेट्रोल काढलं, बॅटरी घरात आणली, गाडी लाकडी ठोकळ्यांवर चढवली. चहा नेऊन दिला तर म्हणाले, "आता दसऱ्यापर्यंत हिला कुणी हात लावायचा नाही." कुणी म्हणजे मीच. घरात दुसरं आहे कोण?

दुपारी पेटी उघडली तर गोधडी नाही. आईने तिच्या जुन्या लुगड्यांची शिवलेली. तशीच धावले. बॉनेटवर पसरलेली!

"अहो, ती आईची गोधडी आहे!"

"अगं, ताडपत्रीने रंगाला ओरखडे येतात. ही कशी मऊ आहे."

मऊ! लग्नानंतर ह्यांना पांघरायला दिली, तेव्हा टोचते म्हणून पायाने सरकवली होती.

तिथल्या तिथे ओढून का नाही काढली मी? परत आले आणि भाकऱ्या थापत बसले.

गेल्या श्रावणात मुलुंडहून निरोप आला, आईचं जास्त झालंय. गाडी काढा म्हणून ह्यांचे पाय धरायचे तेवढे बाकी राहिले होते. "ठोकळ्यांवर आहे, दसऱ्याशिवाय निघायची नाही." बस बदलत बदलत मी पोहोचले, तोवर आईला स्मशानात नेलं होतं.

आणि त्याच गाडीवर आईची लुगडी!

उद्या हे ऑफिसला गेले की गोधडी काढून आणणार. गाडीवर घालायला ह्यांचा लग्नातला लोकरी कोट आहे. तोही मऊच आहे.