भेंडीचे शेंडे

आई, बेल्ह्याच्या बाजारातून आणलेली भेंडी धुऊन, पुसून ओट्यावर पसरली आहे. ती सुकेपर्यंत दुसरं काही करायला नाही म्हणून लिहायला बसले. तसं काही नाही कसं म्हणू, कामं पडलीत ढीगभर, पण कंटाळा आलाय गं. नुसता हातापायांचा नाही, सगळ्याचाच. तू जाऊन इतकी वर्षं झाली, शिवाय तुला वाचता येत नव्हतं, म्हणजे हे पत्र कुठं जायचं नाही हे मला माहीत आहे. तरी एक गोष्ट सांगायची राहून गेली आहे आणि ती या भेंडीचीच आहे.

आमच्या घरात प्रत्येकाची भेंडी वेगळी. ह्यांना भरलेली लागते, सुकं खोबरं, शेंगदाण्याचं कूट, लसूण घालून. मोबाइलवर कुणीतरी पाठवलंय म्हणून सकाळी भेंडी भिजवलेलं पाणीही पितात, आणि पिताना तोंड असं करतात की मला हसू आवरत नाही. नातवाला बेसन लावून कुरकुरीत तळलेली हवी. सून ताकातली करते, तीही बरी लागते. मला मात्र तुझीच लागते. लोखंडी तवा, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, मीठ अगदी शेवटी. "झाकण ठिवलंस की तार सुटली बघ," असं तू दर वेळी बजावायचीस, जणू मी आदल्या दिवशी ऐकलंच नव्हतं. पण माझ्या हातची तशी होत नाही, कारण मी आणते त्यातली निम्मी भेंडी जून निघते. सून वैतागते. "आई, सगळ्या बाया शेंडा मोडून बघत्यात. कट्कन मोडला तर कवळी. तुमी का नाय बघत?" मी सांगते, भाजीवाला ओरडतो. खोटं सांगते. भेंडीचा शेंडा मला मोडवत नाही.

पिंपरी पेंढारचा तो मळा आठवतो ना? आपल्या घरापासून हाकेच्या अंतरावर. तू तिथं भेंडी तोडायला जायचीस, दिवसाआड तोडा असायचा, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तुझ्याबरोबर. भेंडीच्या लवेनं हाताला आग सुटते म्हणून तू जुने पायमोजे हातात घालायचीस. मी त्याला हसायचे. तोडा झाला की आंब्याखाली गोणपाटावर प्रत्येकीची पाटी ओतायची, चांगली भेंडी क्रेटमध्ये, आणि जून किंवा शेंडा मोडलेली ज्या बाईच्या पाटीतली तिनंच घरी न्यायची. शेंडा मोडला की तो काळा पडतो, व्यापारी घेत नाही. आपल्या वाट्याला यायची ती जूनच. तू ती उभी चिरून दाणे काढायचीस आणि कूट घालून आमटी करायचीस. मी नाक मुरडायचे. त्याला कारण मळ्याच्या मालकीणबाई. त्यांनी एकदा मला भाकरीवर कोवळी भेंडी वाढली होती, तव्यावरची, आणि तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नव्हतं.

मग मी युक्ती काढली. आपली पाटी निवडायला मी बसायचे, तू पाणी प्यायला गेलीस की अंगठ्याच्या नखानं कोवळ्या भेंडीचे शेंडे मोडायचे. एकेक, पटापट. पहिल्या दिवशी ओंजळभर. त्या संध्याकाळी तव्यावर लसूण तडतडला, तू चकित होऊन म्हणालीस, "आज लई कवळी आली गं वाट्याला," आणि स्वतःला घेतलेली अर्धी माझ्या ताटात सरकवलीस. असे तीन तोडे गेले, तीन संध्याकाळी आपण पोटभर जेवलो. चौथ्या तोड्याला मला धीर राहिला नाही, अर्धी पाटी मोडली.

मालकीणबाई आल्या. सगळ्या बायांसमोर त्यांनी ती मूठभर उचलून तुझ्यापुढं धरली. "समद्यांची नीट येती, तुझ्याच पाटीतली कशी मोडती गं? का मुद्दाम मोडती?" मी पाटीमागं बसले होते. वाटलं, आता उठावं, सांगावं. पण बसूनच राहिले. तू त्या भेंडीकडं पाहिलंस, मग माझ्याकडं, आणि म्हणालीस, "माझीच चूक हाय वैनी. नखं वाढल्यात, ध्यानात न्हाई आलं." तेव्हा तुझ्या दोन्ही हातांत मोजे होते, आई. नखं दिसतच नव्हती. ते बाकी कुणाच्या लक्षात आलं नाही की येऊनही कुणी बोललं नाही, देव जाणे. "उद्यापासनं नको येऊस," एवढंच त्या म्हणाल्या.

घरी आल्यावर तू चुलीपुढं बसलीस, माझा अंगठा धरलास, नखात अडकलेलं हिरवं काडीनं कोरून काढलंस आणि म्हणालीस, "हात धूत जा नीट, खाज सुटंल." मला मार हवा होता, खरंच हवा होता. त्यानंतर तू लांब बोरी गावाला खुरपायला जाऊ लागलीस, पहाटे टेम्पोत उभ्यानं, दिवस मावळल्यावर परत. कंबर धरून ओट्यावर बसायचीस आणि आधी विचारायचीस, जेवलीस का. मी जून भेंडीची आमटी करून ठेवलेली असायची. तू ती चांगली झालीय म्हणायचीस. चांगली झालेली नसायची.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की तुला कळलं नव्हतं. आता तुझ्याएवढी म्हातारी झाले, तेव्हा तेही सांगवत नाही. भेंडी सुकली आहे, आता चिरायला घेते आणि देठ याच कागदात गुंडाळून टाकते. शेंडे मी मोडले, हे तुला सांगण्यात काही राहिलेलं नाही. सांगायचं होतं ते एवढंच, की मला अजूनही त्या तीन संध्याकाळींची भेंडी आधी आठवते आणि टेम्पोत उभी असलेली तू नंतर.